बागेची वही आणि बाटलीची गोष्ट

वाचकांचे प्रश्न

वाइन आणि तिच्याविषयी इंटरनेटवर होणारे लेखन हा विषय या सदरात घ्यावा, अशी पत्रे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. खानदेशात द्राक्षापेक्षा केळी आणि कापूस यांचीच चर्चा अधिक होते हे खरे असले, तरी नाशिकचा द्राक्षपट्टा आपल्याला लागूनच आहे, साक्री-पिंपळनेरच्या बाजूच्या कित्येक घरांची सोयरीक बागलाण-दिंडोरीत झालेली आहे आणि आपल्याकडची शिकलेली मुले-मुली तिकडच्या वायनऱ्यांत नोकरीला लागली आहेत. त्यामुळे या पत्रांचे मला नवल वाटले नाही. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात छोटी वायनरी आहे. टेबल द्राक्षांची, म्हणजे खाण्याच्या द्राक्षांची, बाग मोडून त्यांनी वाइनच्या वेली लावल्या, त्याला बारा वर्षे झाली. वायनरीच्या संकेतस्थळाचा आणि इन्स्टाग्रामचा मजकूर मी लिहावा असे त्यांना वाटते. याआधी एका जाहिरात संस्थेने जो मजकूर लिहून दिला, त्यात इटलीतल्या टस्कनीच्या टेकड्या, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा, सूर्यास्ताची लाली असे बरेच काही आहे. तो तसाच ठेवावा की नवे लिहावे? — एक भगिनी, साक्री

ताई, नवेच लिहावे. जुन्या मजकुरात खोटे आहे हे एक कारण झालेच. दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. तो मजकूर कोणत्याही वायनरीच्या नावाखाली जसाच्या तसा चिकटवता येईल, आणि जो मजकूर सगळ्यांना चालतो तो कोणाचाच नसतो. मामांनी बारा वर्षांत जे केले, त्यातले एक अक्षरही त्यात नाही.

वारसा उसना आणण्याची आपल्याला गरजही नाही. महाराष्ट्रातील आजची वाइन वयाने लहान आहे. नारायणगावला फसफसणारी वाइन तयार होऊ लागली ती १९८०च्या दशकात, नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन आली ती २००० साली, आणि राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली ती २००१ साली. विंचूर आणि पलूस येथील वाइन पार्क त्याच धोरणातून उभे राहिले. याचा अर्थ असा, की आपल्याकडे वाइन करणारी पहिलीच पिढी अजून कामावर आहे आणि तिने काय काय चुकत शिकले, हे तिच्याच तोंडून ऐकता येते. फ्रान्समधल्या वायनरीला पणजोबांच्या काळात काय घडले ते कागदपत्रांतून शोधावे लागते. आपल्याला मामांना ओट्यावर बसवून विचारले की झाले.

मग लिहायचे काय? बागेचे साल लिहायचे. युरोपातली वेल थंडीत पाने गाळून झोपते, वसंतात फुटते आणि तिची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास होते. आपल्याकडची वेल अशी झोपतच नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो आणि माल मात्र एकदाच घेतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या मालाची काडी तयार करायची, आणि पावसाळा ओसरू लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड घ्यायचे. वाइनची काढणी जानेवारी ते मार्च या महिन्यांत, म्हणजे युरोपातल्या वेली उघड्या-बोडक्या उभ्या असतात त्या दिवसांत, आपल्याकडे होते. ही माहिती बागायतदाराला इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती सांगण्यासारखी आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. परंतु जळगावच्या केळीवाल्यालाही ती ठाऊक नसते, मग पॅरिसच्या ग्राहकाची तर गोष्टच सोडा. टस्कनीच्या टेकड्यांपेक्षा ही दोन छाटण्यांची हकीकत वाचायला मला शंभर वेळा आवडेल.

आपल्या हाताशी यासाठी तयार साधन आहे, ते म्हणजे बागेची वही. गेल्या हिवाळ्यात मी दिंडोरीच्या बाजूला एका लहान वायनरीत गेलो होतो, तेव्हा कार्यालयातल्या टेबलावर लाल कापडी बांधणीची एक लांबट वही पडलेली होती. किराणा दुकानात रोजमेळ लिहायला असते तशीच ती वही होती आणि तिच्या पानांना फवारणीच्या औषधांचे डाग लागले होते. जानेवारीचे एक पान मालकांनी मला वाचू दिले. पहाटे पाचला तोडणी सुरू झाल्याची नोंद होती, कारण घड थंड असतानाच टाकीपर्यंत पोहोचावेत. रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर मोजलेला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, होता, वरच्या तुकड्याचा साडेबावीस आणि विहिरीकडच्या तुकड्याचा एकवीस. आदल्या रात्री अवकाळी पावसाचा शिडकावा झाला, खालच्या ओळींत मणी तडकले आणि ते क्रेट वेगळे काढले, असे लिहिलेले होते. आणि शेवटी निळ्या पेनाने, बहुधा घाईत, एवढेच की विहिरीकडचा तुकडा आणखी आठ दिवस थांबवावा की थांबवू नये, ठरत नाही. ते ठरत नाही एवढे दोन शब्द वाचून मला त्या वर्षीची त्यांची वाइन चाखून पाहावीशी वाटली. त्यांच्या संकेतस्थळावर मात्र या पानाचा मागमूसही नव्हता. तिथे सूर्यास्त होता.

म्हणून माझा सल्ला असा, की मामांची वही उघडावी आणि दर वर्षाच्या वाइनबरोबर त्या वर्षाची दोन पाने जशीच्या तशी, हवी तर छायाचित्रासह, प्रसिद्ध करावीत. ब्रिक्स म्हणजे काय हे एकदा सोप्या भाषेत सांगावे : रसातल्या साखरेचे ते माप, यीस्ट ती साखर खाते आणि तिचे मद्यार्क होते, लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो. एवढे कळले की थांबवावे की थांबवू नये या चिंतेचा अर्थ वाचकाला आपोआप लागतो. थांबले तर साखर वाढणार, पण आंबटपणा उतरणार, आणि आभाळ भरून आले तर भुरी आणि केवडा हे रोग आणि तडकलेले मणी यांची टांगती तलवार.

वाईट वर्षही लपवू नये. मामांनी वेली लावल्या त्याच्या काही वर्षे आधीच, २००८-०९च्या मंदीत, वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नव्हता आणि नाशिक जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी उभ्या वेली उपटून टाकल्या होत्या. ते डोळ्यांसमोर असताना मामांनी टेबल द्राक्षांची चालती बाग का मोडली, घरात कोण नको म्हणत होते, पहिल्या वर्षीची टाकी बिघडली होती का, हे सगळे लिहावे. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा असतो. तो पाहून शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल याचा मला अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. वाइनमध्ये काय काय घातले आहे, हेही सांगून टाकावे. कॅलिफोर्नियातील बॉनी डून या वायनरीने २००७च्या हंगामापासून आपल्या बाटल्यांवर घटकांची यादी स्वतःहून छापायला सुरुवात केली, तेव्हा तिच्यावर कोणाची सक्ती नव्हती. युरोपीय संघाने ८ डिसेंबर २०२३पासून तयार होणाऱ्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्ये सांगणे बंधनकारक केले आहे. घटकांची यादी क्यूआर कोडमागे ठेवता येते, पण त्या कोडमागच्या पानावर विक्रीची जाहिरात करता येत नाही, अशी अटही घातली आहे. माहितीचे पान आणि जाहिरातीचे पान वेगळे असावे हा विचार मला फार मोलाचा वाटतो, आणि तो स्वीकारायला आपल्याला कोणाच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तोडणीला येणाऱ्या बायांचे छायाचित्र टाकण्याआधी त्यांना विचारावे, आणि टाकले तर त्यांचे काम काय ते खाली लिहावे. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या एखाद्या मजूर भगिनीला कोणता घड घ्यायचा आणि कोणता ठेवायचा हे जेवढे कळते, तेवढे मजकूर लिहिणाऱ्या संस्थेतल्या कोणाला कळत असेल असे वाटत नाही.

भाषा मराठीच ठेवावी. इंग्रजी पान हवे असेल तर मराठीवरून करून घ्यावे. उलटे केले की पुन्हा टस्कनी यायला लागते.

प्रश्न : मला वाइनवर मराठीत ब्लॉग लिहायचा आहे. इंग्रजी लेखांत गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर असे वास सांगितलेले असतात. मी यांतले एकही फळ किंवा फूल कधी पाहिलेले नाही. मग मी वास कसा सांगावा? — एक वाचक, जळगाव

आपण जे पाहिले, हुंगले आणि खाल्ले आहे त्यावरूनच सांगावा. मेहरूणच्या बोरांच्या गावात राहून गूजबेरीसाठी अडून बसण्याचे काहीच कारण नाही.

यात केवळ स्वाभिमानाचा प्रश्न नाही. वासांना प्रत्यक्ष आधार असतो. सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये जो हिरवट, तिखटसर वास येतो, तो पायराझिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि त्याच जातीचे द्रव्य ढोबळ्या मिरचीतही असते. तेव्हा ताजी ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास असे आपण लिहिले, तर ती उपमा राहत नाही, ते निदान होते. शिराझ या लाल वाइनमध्ये मिऱ्याचा वास येतो तो रोटंडोन या द्रव्यामुळे, आणि काळ्या मिऱ्यातही तेच असते. आपल्या घरचा काळा मसाला भाजताना हा वास ओळखणारे नाक तयार झालेले आहे. त्याला इंग्रजी शब्दांच्या दारात ताटकळत ठेवू नये.

ब्लॅककरंटच्या जागी मी जांभूळ किंवा करवंद लिहितो, पण ते सरसकट नाही. जांभळाचा तुरटपणा जिभेवर जाडसर बसतो, करवंदाचा आंबटपणा आधी टोचतो; वाइनमध्ये यांपैकी काय आहे ते घोट घेऊन ठरवावे लागते. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये मला कधी पेरू सापडतो, कधी मध. कैरी, चिंचेचा कोळ, नवा गूळ, भाजलेले खोबरे, पहिल्या पावसानंतरची माती, उन्हात वाळत घातलेली मिरची असे शब्द घरात पडलेले आहेत. एका वेळी दोन-तीनच वास सांगावेत. दहा वास सांगणारा लेखक वाइन चाखत नसून शब्दकोश चाळत आहे, असे मला वाटू लागते.

आपल्या जेवणाशी वाइनची गाठ घालून पाहण्याचे काम तर अजून जवळजवळ कोणी केलेलेच नाही. मी एकदा वांग्याच्या भरताबरोबर दोन वाइन लावून पाहिल्या. भरीत आपले नेहमीचे : काटक्यांवर खरपूस भाजलेले वांगे, ठेचलेली हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. कोरड्या, जड लाल वाइनने मिरचीचा जाळ दुप्पट केला, कारण टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा, आणि जास्त मद्यार्क दोन्ही तिखटाला चढवतात; भरताचा धुरकट वास कुठल्या कुठे गेला. थंड केलेल्या, किंचित गोडसर शेनिन ब्लांने मात्र तिखट सौम्य केले आणि दोन घासांनंतर वांग्याचा धूर पुन्हा जिभेवर आला. शेवभाजीबरोबरही मी हेच करून पाहिले आणि तसाच अनुभव आला. भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१६ साली. त्याच्या शेजारी कोणती वाइन चालते हे लिहिण्याचा मान जळगावच्याच लेखकाने घ्यावा अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : वायनरीकडून फुकट बाटली आली तर तिच्यावर लिहावे काय? — एक वाचक, अमळनेर

लिहावे, पण बाटली फुकट आली हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे, शेवटी बारीक अक्षरांत नव्हे.

दक्षिण आफ्रिकेतील स्टॉर्महोक या वायनरीने २००५ साली ब्रिटनमधील ब्लॉग लिहिणाऱ्यांना बाटल्या फुकट पाठवल्या आणि सांगितले की लिहा किंवा लिहू नका, चांगले लिहा किंवा वाईट लिहा, आमची कोणतीही अट नाही. त्या काळात ही नवी गोष्ट होती आणि तिचा बराच बोलबाला झाला. अट नसल्यामुळे लेखनाला किंमत आली, हे त्यातले शिकण्यासारखे. पुढे अट नसलेल्या बाटल्या कमी आणि अपेक्षा असलेल्या बाटल्या जास्त झाल्या, तेव्हा २००९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मोबदला किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते उघड करण्याचे नियम ब्लॉगलेखकांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे आणली, आणि त्यांत फुकट मिळालेली वस्तूही येते.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. फुकट आलेल्या बाटलीवर मी लिहितो तेव्हा त्याच वायनरीची दुसरी एखादी बाटली दुकानातून पैसे देऊन आणतो आणि दोन्ही शेजारी ठेवतो. पाठवलेली बाटली निवडून पाठवलेली असते. दुकानात उन्हाच्या झळा खात उभी राहिलेली बाटली ग्राहकाला मिळते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे लक्षात घेतले तर या दोन बाटल्यांमधले अंतर ग्राहकाला सांगणे किती आवश्यक आहे ते कळेल.

प्रश्न : आमच्या गावात महिलांनी मतदान करून आडवी बाटली, म्हणजे दारूबंदीच्या बाजूचे चिन्ह, जिंकून दिली आणि दारूचे दुकान बंद झाले. आपण वाइनवर लिहिण्यास उत्तेजन देत आहात. हे कायद्यात बसते काय, आणि योग्य आहे काय? — एक शिक्षिका, शिरपूर तालुका

बाई, आपला प्रश्न या सगळ्यांत अवघड आहे आणि तो विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

कायद्याचे आधी पाहू. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याच्या कलम २४ प्रमाणे मादक पेयाच्या वापराचे आवाहन करणारी किंवा ते देऊ करणारी जाहिरात प्रसिद्ध करता येत नाही. मूळ कायद्यात मादक पेयाची प्रशंसा करण्यालाही मनाई होती. १९५१ साली मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रशंसेवरची ती बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवून रद्द केली, आवाहनावरची बंदी मात्र कायम ठेवली. म्हणजे एखादी वाइन मला आवडली असे मत लेखकाने मांडणे आणि वायनरीने या, घ्या, प्या असे म्हणणे, या दोहोंत कायदा सत्तर वर्षांहून अधिक काळ फरक करत आलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत दुसऱ्याच वस्तूच्या आडून केलेल्या छुप्या जाहिरातींनाही मनाई आहे. साक्रीच्या भगिनींनी हा भाग विशेष लक्षात घ्यावा आणि वायनरीचा मजकूर प्रसिद्ध करण्याआधी वकिलाला दाखवावा, कारण लेखकाला जी मोकळीक आहे ती विक्रेत्याला नाही. छाटणी, माती, माणसे आणि घटक यांविषयी लिहिण्यात आवाहन येत नाही, हाही वहीच्या पानांचा एक फायदा आहे.

योग्य-अयोग्याबद्दल माझे मत असे. वाइन ही दारू आहे. ती द्राक्षाची असते म्हणून वेगळी, शेतकऱ्याच्या हिताची म्हणून सोवळी, हृदयाला चांगली म्हणून औषधी, असले काहीही लिहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की मद्याचे आरोग्याला निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जो विरोध झाला तो मी समजू शकतो. ज्या घरात दारूने संसार मोडला आहे, त्या घराला द्राक्षाची दारू आणि मोहाची दारू यांतला फरक सांगत बसणे मला कधीच जमणार नाही. वाइनवर लिहिणाऱ्याने प्रमाण सांगावे, मद्यार्काचा टक्का सांगावा, मुलांच्या नजरेला पडेल अशी नखऱ्याची चित्रे टाकू नयेत आणि न पिणाऱ्याला कमी लेखणारे एकही वाक्य लिहू नये. एवढे पाळूनही आपल्याला हे लेखन नको वाटत असेल, तर आपला आक्षेप मी मान्य करतो. आपल्या गावातल्या भगिनींनी काय सोसून ती आडवी बाटली निवडली असेल, ते मला दिसते.

प्रश्न : वायनरीने वर्षातून किती वेळा लिहावे, आणि सुरुवात केव्हा करावी? — एक वाचक, शहादा

बागेत काम असेल तेव्हा लिहावे. खरड छाटणी, काडी पक्व होणे, गोडी छाटणी, फुलोरा, मण्यांना रंग चढणे, तोडणी, टाकीतली आंबवण आणि बाटली भरणे असे आठ-नऊ प्रसंग वर्षात येतात, तेवढे पुरे. उरलेल्या दिवशी रोज शुभेच्छांची चित्रे टाकण्याने वाचक कंटाळतो.

सुरुवात एप्रिलमध्ये करावी. खरड छाटणी झाली की सगळी बाग उघडी पडते, पानांआड लपलेले खोडाचे वळण, जुन्या जखमा, तारांवर राहिलेल्या वाळक्या तणाव्या, सगळे स्पष्ट दिसते आणि त्या दिवसांत सावलीला बसून बोलायला मालकाकडे थोडा वेळही असतो. त्या दिवशी किती जण छाटणीला होते, कात्री कोणाच्या हातात होती आणि पहिली ओळ किती वाजता संपली, एवढे लिहून ठेवावे.